अकरा दिवस ड्रॉवरात

न्हाय, चारी डिस्का गेल्या न्हाईत. एकबी गेली न्हाय. तू मघाशी विजयसिंह डॉक्टरांना सांगून आलास ना, चारी बदलाव्या लागतील म्हणून — सांगितलंस ते सांगितलंस, आता हितं माझ्यापुढं परत नको सांगू. आन दार लोट आधी. बाहेर दादासो म्यानेजर कान लावून उभा असतो, सर्व्हरचं काय झालं म्हणून न्हाय, भाऊ-बहीण आत काय बोलत्यात म्हणून. कारण आता सगळ्या हॉस्पिटलला कळलंय आपण भाऊ-बहीण ते. तुझ्यामुळं कळलंय. सकाळी आल्या आल्या, रिसेप्शनपुढं पंधरा-वीस पेशंट बसलेले, डॉक्टर शेजारी उभे, आन तू काय म्हणलास? "नके, तू हितं?" — चौदा वर्षं झाली युवराज मला हितं. चौदा वर्षांत ह्या इंदापुरात मला कुणी त्या नावानं हाक मारली न्हाय. गळ्यात कार्ड हाय माझ्या, त्यावर संजीवनी लिवलंय, मराठीत बी लिवलंय आन इंग्रजीत बी. तीन पोरींवर चौथी झाली म्हणून अप्पांनी नाव ठेवलं नकोशी, आन शाळेतल्या बाईंना बघवलं न्हाय म्हणून त्यांनी हजेरीला संजीवनी लावलं, ते मी आजवर धरून हाय. आन त्या दादासोनं लगेच इचारलं, नके म्हंजी काय वो म्याडम? मी म्हणलं, घरचं लाडाचं नाव हाय. दुसरं काय सांगणार.

ते राहू दे. टॉर्च धर. डॉक्टरांनी तुला तीन ते पावणेचार मशीन बंद ठेवायची परवानगी दिलीय, तेवढ्यात माझं काम हुतंय. धर की. तुला पगारी माणूस समजून न्हाय सांगत, हात दोनच हायेत मला म्हणून सांगते.

तू सकाळी दहाला बसलास. दहा ते दोन काय केलंस ते मी खिडकीतनं बघितलंय — आधी व्हायरस बघितला, मग नेटवर्कची वायर बदललीस, मग त्या डिस्का एकेक करून बाहेर काढून फुंकल्यास. फुंकून काय हुतंय? आन मग कंटाळलास, जेवलास, आन सांगून टाकलंस चारी गेल्या म्हणून. तुझ्याआधी एकजण आला होता, तो म्हणला मेमरी वाढवा. त्याच्याआधीचा म्हणला, पेशंटची नावं लई झाल्यात, जुनी पुसा. जुनी पुसा म्हणं. हॉस्पिटल हाय हे, काय पुसा. आन ह्या सगळ्यांच्या आधी मी सांगितलं होतं. लेखी. तीन अर्ज. पहिला अर्ज दादासोनं पाण्याच्या ग्लासावर झाकण म्हणून ठेवला होता, मी डोळ्यांनी बघितला. दुसऱ्याला म्हणला, म्याडम, तुमचं केसपेपरचं काम चांगलं हाय, त्यातच लक्ष द्या. तिसऱ्याला म्हणला, पुण्याचा इंजिनियर येणार हाय, तो बघंल.

हे बघ. मशीनमधलं हे कार्ड. चारी डिस्का ह्या कार्डाला जोडल्यात. आमच्या पोरी नवं केसपेपर भरत्यात, लॅबवाला रिपोर्ट टाकतो, एक्स-रेचे फोटो येत्यात, ते सगळं आधी कार्ड आपल्याकडं धरून ठेवतं आन सवडीनं डिस्कवर लिहितं. आन मधीच लाईट गेली तर हातातलं जाऊ नये म्हणून ही बारकी बॅटरी असते, ही, वायर लावलेली, फुगलेली दिसती का? ही मेली की कार्ड हातात काय ठेवूनच घेत न्हाय. आलं की थेट डिस्कवर लिहितं, लिहून झालं का बघतं, मग पुढचं घेतं. म्हंजी खिडकीवर बसलेल्या पोरीनं एका पेशंटचा कागद लिहायचा, उठायचं, तळघरात जाऊन फाईलला लावायचा, वर यायचं, मग दुसऱ्या पेशंटला नाव इचारायचं. रांग कुठवर जाईल? आन ज्याला नुसतं वाचायचंय, जुना रिपोर्ट बघायचाय, तो बी त्याच रांगेत मागं. ती पोरगी म्हंजी तुझी डिस्क; पोरगी आळशी झालेली न्हाय, पोरगी आजारी न्हाय. तू म्हणतोस पोरगी बदला. चारी पोरी बदला.

कसं कळलं म्हंजी काय? बघितलं म्हणून कळलं. हे मशीन सुरू हुताना काळ्या पडद्यावर चार ओळी येत्यात, त्यातली तिसरी ओळ वाचायची, कार्डाची बॅटरी मेली म्हणून तीच सांगती. तू सकाळी दोनदा चालू केलंस, दोन्ही वेळंला मोबाईलमधी बघत होतास. आन ही वही बघ — रोज तीन वेळा, सकाळी दहा, दुपारी एक, संध्याकाळी पाच, एकच फाईल ह्या फोल्डरातनं त्या फोल्डरात टाकायची आन घड्याळ लावायचं. आधी चौदा सेकंद. मग एका सोमवारपासनं एकदम चार मिनिटं. मग सहा. गर्दीच्या टायमाला नऊ. हळूहळू वाढलं असतं तर मीबी म्हणलं असतं डिस्क म्हातारी झाली. एका दिवसात असं हुत न्हाय. एका दिवसात कायतरी बंद पडलं की तसं हुतंय. मग त्या सोमवारी काय बंद पडलं ते शोधलं. एवढंच. ह्याला इंजिनियर लागत न्हाय, वही लागती.

वर धर टॉर्च. डोळ्यात न्हाय, कार्डावर.

हां. निघाली. ही टेबलावर ठेव, टोचू नको, फुगलीय. आता ही नवी. — व्हय, नवी. मी मागवलीय. पुण्याच्या दुकानदाराला फोन केला, नंबर सांगितला कार्डावरचा, त्यानं कुरिअर केली. त्यात डोळं मोठं करण्यासारखं काय हाय? — कवा आली ते कशाला पायजे तुला? आली. टॉर्च धर.

बसली. झाकण लाव, मी बटण दाबते. आता लगेच घाई न्हाय करायची. ही पंधरा-वीस मिनिटं चार्ज हुईल, मग कार्डाला भरवसा यील, मग बघू. बस तवर. स्टुलावर बस.

बघतोयस काय असं? तुला वाटलं होतं रिसेप्शनला बसते म्हणून. वाटणारच. दरवर्षी दिवाळीला कोऱ्हाळ्याला येते, तुझ्याच घरात चार दिवस राहते, तुझ्या पोरांना उटणं लावते, कधी इचारलंस का, आक्के, हॉस्पिटलात काय करतेस? एकदा इचारलंस. म्हणलास, पेशंटची गर्दी असती का. आन मी व्हय म्हणायच्या आत फोन घेतलास. पहिली सहा वर्षं केसपेपरच केले मी. मग हे मशीन आलं. बसवायला आलेला माणूस आठवडाभर हितं होता, मी रोज डबा खाल्ला की त्याच्या मागं जाऊन उभी राहायची. तो म्हणायचा, ताई, तुमाला काय कळणार हे. मी म्हणायची, न्हाय कळलं तर इचारते. जाताना त्यानं आपली वही मला दिली. तुझ्या दाजींनी एक दिवस म्हणलं न्हाय की उशीर का झाला. डाळिंबाला पाणी धरून येत्यात आन कुकर लावत्यात. असली माणसं बी असत्यात.

आन शिकायचं म्हणशील तर मी तुझ्या पुस्तकांवर शिकले. ठावं न्हाय तुला? बारामतीत दोन वर्षं तुझ्या भाकऱ्या कुणी थापल्या? मी बारावी सायन्स, चौऱ्याहत्तर टक्के, आन अप्पा म्हणले पोराचं अकरावी-बारावीचं वर्ष हाय, मेसचं खाऊन आजारी पडंल, हिला ठेवू त्याच्यासंगं. ती खोली — पॉलिटेक्निकच्या कंपाउंडला लागूनच होती. मी धुणं वाळत घालायची आन भिंतीपलीकडं पोरी फायली छातीशी धरून चालत जायच्या. रोज. तू कॉलेजला गेलास की मी तुझी पुस्तकं काढायची, तुझ्या जर्नलमधल्या आकृत्या मीच काढल्यात, सरांनी शेरा दिला होता, हस्ताक्षर सुंदर. तू दाखवलास मला तो शेरा. हसत दाखवलास.

आता आलंच हाय तोंडात तर सांगते. तो फॉर्म आठवतोय का? — आठवत न्हाय. बरं. मी आठवण करून देते. डिप्लोमाचा फॉर्म. कॉम्प्युटरचा. मी अप्पांना न सांगता भरला होता, फोटो लावला, मार्कलिस्टची झेरॉक्स जोडली, आन तुझ्याकडं दिला, तू त्याच रस्त्यानं जायचास, खिडकीत नुसता टाकायचा होता. तू म्हणलास टाकतो. संध्याकाळी म्हणलास टाकला. मग यादी लागली. मी म्हणलं, बघून ये रं. तू बघून आलास. म्हणलास, आक्के, यादीत नाव न्हाय तुझं. मी म्हणलं असंल, माझ्यापेक्षा हुशार पोरी असतील. चुलीपुढं... गॅसपुढं बसून रडले थोडी, तू बाहेर खेळायला गेला होतास. आन मग दिवाळीला घरी जायचं म्हणून तुझी पिशवी धुवायला काढली. तळाला पुठ्ठा असतो ना पिशवीच्या, त्याच्याखाली. घडी घातलेला. माझा फोटो चिकटलेला.

न्हाय, बोलू नको. वीस वर्षं मी बोलले न्हाय, आता तूबी बोलू नको. इसरलास, मला ठावं हाय इसरलास. मुद्दाम केलं असतंस तर एक वेळ बरं वाटलं असतं, म्हणलं असतं माझी भीती वाटली. तू नुसता इसरलास. आन मग इसरलो म्हणायची लाज वाटली म्हणून यादी बघून आलास. यादी लागलेली भिंत तरी बघितलीस का रं? — न्हाय ना. मला वाटलंच. मी तो फॉर्म परत पुठ्ठ्याखाली ठेवला न्हाय, फाडला बी न्हाय, तुझ्या पिशवीतच वर ठेवला. वाटलं, दिसंल, काय म्हणंल बघू. तू काय म्हणला न्हाईस. पुढच्या मे महिन्यात माझं लग्न झालं.

म्हणून दादासोनं तो मेल दाखवला ना, पुण्याच्या कंपनीचा, इंजिनियरचं नाव खाली तुझं, तवा मी काय केलं ठावं हाय? बॅटरी त्याच दिवशी आली होती. सकाळी कुरिअरवाला देऊन गेला, दुपारी तुझं नाव बघितलं. पाकीट अर्धं फाडलेलं हातात होतं. मी म्हणलं, येऊ दे. बसू दे ह्याला ह्या खोलीत, सगळ्यांदेखत, डॉक्टरांदेखत. काय करतो बघू. आन त्याला न्हाय जमलं की मग काढू. ह्या ड्रॉवरात ठेवली आन कुलूप लावलं. वाटलं दोन दिवसांचा प्रश्न हाय. तू बुधवारी येणार होतास. बुधवारी तुमचा फोन, शनिवारी येतो. शनिवारी फोन, पुढच्या आठवड्यात. अकरा दिवस झाले आज.

हसू नको. तुझ्या पिशवीतल्या फॉर्मानं कुणाचा जीव जाणार न्हवता.

— काय न्हाय. काय म्हणलं न्हाय मी.

त्या म्हातारीचं तुला दादासोनं सांगितलं? एवढ्यात सांगितलं? मग काय इचारतोस. निमगावची धोंडाबाई, व्हय. सत्तरीची हाय. पायाला जखम होती, ताप होता, संगं कुणी न्हाय, एकटी रिक्षात बसून आली. दोन वर्षांखाली हितंच तिला एका इंजेक्शनानं अंग सुजलं होतं, ते मीच टाईप केलं होतं तिच्या नावापुढं, लाल अक्षरात, उघडलं की पहिलं तेच दिसावं असं. सिस्टर श्रेया होती ड्यूटीवर. तिनं नाव टाकलं. पडद्यावर ते गोल फिरतंय, फिरतंय. बारा मिनिटं थांबली ती, मोजलेली बारा. मागं तीन पेशंट, एक पोरगं रक्तबंबाळ, डॉक्टर वरनं वरडतायत झालं का न्हाय. तिनं म्हातारीला इचारलं, आजी, कुठलं औषध सोसत न्हाय का? म्हातारीला कमी ऐकू येतं, तिनं न्हाय म्हणून मान हलवली. श्रेयानं तेच इंजेक्शन दिलं. पाच मिनिटांत ओठ सुजलं, श्वास लागला, डोळं पांढरं. मी बाहेरच होते. मी त्या जिन्यापाशी होते, कॉट ढकलत नेली ना, तिचा एक हात खाली लोंबत होता, हिरव्या बांगड्यांचा, तो माझ्या साडीला घासून गेला.

जगली. दोन दिवस काचेच्या खोलीत होती, तिसऱ्या दिवशी चहा मागितला. मंगळवारी घरी गेली, जाताना मला म्हणली, लेकी, तुमी माझं लई केलं. मला म्हणली. आन श्रेयाला डॉक्टरांनी घरी बसवलं, चौकशी हुईपर्यंत यायचं न्हाय म्हणून. चोवीस वर्षांची हाय पोरगी, मोरगावची, पहिलीच नोकरी, आईनं शेरडं राखून शिकवलेली. चौकशीत मला बोलावलं. सर्व्हर स्लो होता का? मी म्हणलं होता. कळवलं होतं का? तीन अर्ज दिल्यात, ह्या त्यांच्या प्रती. सगळं खरं सांगितलं. ड्रॉवरचं कुणी इचारलं न्हाय, मी सांगितलं न्हाय.

मग त्याच रात्री का न्हाय बसवली — हेच इचारायचंय ना तुला? तोंडावर दिसतंय तुझ्या. कारण बसवली असती तर दुसऱ्या दिवशी धावायला लागला असता. मग दादासो बी इचारणार, म्याडम, एवढंच होतं तर सहा दिवस आधी, पाकीट आलं तवाच का न्हाय? न्हाय बसवली. रोज सकाळी येऊन कुलूप ओढून बघायची, लागलंय का. आन रोज वहीत लिहायची, आठ मिनिटं, नऊ मिनिटं. वही चुकवली न्हाय एक दिवस.

थांब. तो हिरवा दिवा लागला बघ. आता ती फाईल टाक. तूच टाक, माऊस घे. घड्याळ मी लावते. — झाली? तेरा सेकंद. बघितलंस? परत टाक. तेरा. डिस्का त्याच, मशीन तेच.

आता रिपोर्ट लिही, डॉक्टरांना सही करून द्यायचाय ना. लिही, बिघाड काय, दुरुस्ती काय. मी बघत न्हाय.

दाखव काय लिवलंस.

"बॅटरी कंपनीतर्फे आणून आज बसवली." — आज. हे कशाला लिवलंस? — पाकीट बाहेर टाकून देतो म्हणतोस. गाडीत नेतो. कुणाला कळणार न्हाय. तुझ्या कंपनीचं नाव, तुझी सही, मिटलं. आन डॉक्टरांना चारी डिस्कांचं सांगितलेलं बी फिरवतो म्हणतोस, तपासणीत चूक झाली म्हणतोस. म्हंजी तुझा बी कमीपणा घेतोस. माझ्यासाठी. बरं. वीस वर्षांत पहिल्यांदा तू मला कायतरी द्यायला निघालास युवराज, आन देतोस काय, तर खोटी तारीख.

आन त्या पोरीचं काय? तुझ्या ह्या कागदानं मी सुटते, तू सुटतोस, दादासोचा तो अर्जाचा ग्लास सुटतो. मग उरलं कोण? आज बॅटरी आली म्हणल्यावर त्या दिवशी ती बारा मिनिटं कुणामुळं गेली, कुणामुळंच न्हाय, मशीनच तसलं होतं, आन पोरीनं थांबायला पायजे होतं. हेच ठरणार.

आक्के म्हणू नको. आता कशाला आक्के. खोड ते. — न्हाय खोडत? दे हिकडं, मीच लिहिते. बॅटरी अकरा तारखेला हॉस्पिटलात मिळाली. कुणाला मिळाली ते लिहिते. आज बावीसला बसवली. मधी कुठं होती ते बी लिहिते. एवढं लिहायला एक ओळ पुरती, बघ, पुरली.

डॉक्टर चारला ओपीडीत बसत्यात, त्याच्याआधी जाते मी वर. तू संगं येऊ नको. मधी पडू नको, भाऊ म्हणून सांगू नको काय. अप्पांना सांगायचं तर सांग, न्हाय सांगायचं तर इसर. तुझी पुण्याची गाडी सव्वाचारला स्टँडवर लागती.

हितं सही कर. वर न्हाय. वर माझी हाय. खाली कर.

झाली? जा आता.